आठ पाऊण सहा

मार्चमधली संध्याकाळ नेरूळला खाडीच्या बाजूने येते. आधी वारा येतो, चिखलाचा, तिवरांचा, किंचित खारट वास अंगावर घेऊन. मग पाम बीच रस्त्यापलीकडचं ऊन पिवळ्याचं केशरी, केशरीचं विटकरी होत समोरच्या इमारतींच्या काचांवर घटकाभर रेंगाळतं, आणि सरतेशेवटी आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत, जिथे वर्षानुवर्षं मी दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोडत बसले, तिथल्या फरशीवर आपला लांबट, ऊबदार पट्टा अंथरून ठेवतं. मला निवृत्त होऊन काही वर्षं झाली. गठ्ठे आता येत नाहीत. तरी त्या पट्ट्यात पाय सोडून बसलं की बोटांना सुतळीची गाठ आठवते, कागदाचा कोंदट वास आठवतो, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटावर लाल शाईचा डाग पुन्हा उमटल्यासारखा वाटतो.

तो डाग उन्हाळाभर जायचा नाही.

उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं. बारकोडची पट्टी असते, आसनक्रमांकही झाकलेला असतो. पण अक्षर कसं झाकणार? एखादं अक्षर भिजलेल्या चिमणीसारखं अंग चोरून बसलेलं, एखादं उतारावर सुटलेल्या सायकलसारखं ओळीखाली घसरत जाणारं. कुठे पानाच्या मागून बोट फिरवलं तर पेनाचा दाब लागे, इतका, की हे उत्तर लिहिताना त्या मुलाने दात किती घट्ट आवळले असतील ते कळावं. कुठे घामाचा गोल डाग. कुठे समासात पेन्सिलीने काढून घाईघाईने खोडलेलं फूल. आणि या सगळ्यावरून, त्या आवळलेल्या दातांवरून, त्या घामावरून, त्या फुलावरून माझी नजर नमुना उत्तराच्या कागदाकडे जायची, तिथला शब्द इथे सापडतो का ते पाहायची, आणि हात आपसूक आकडा टाकून पान उलटायचा.

शेवटी बेरीज.

'पैकी' हा शब्द मला तेव्हापासून सलतो. शंभरपैकी अठ्ठावीस. किती साधा शब्द; घरात आपण तो मायेनेही वापरतो, 'आपल्यापैकीच आहे तो' म्हणत परक्याला जवळ ओढून घेतो. गुणपत्रिकेत मात्र तोच शब्द मुलाचे दोन वाटे करतो. अठ्ठावीस कागदावर येतात. उरलेले बहात्तर कुठे जातात? ती काही रिकामी जागा नव्हती. त्या बहात्तरांत पहाटे उठून भरलेलं पाणी असेल, धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन सांगितलेल्या गोष्टी असतील, एकदा ऐकलेली चाल जशीच्या तशी उचलणारा कान असेल, न सांगता दुसऱ्याचं दुःख ओळखणारे डोळे असतील. त्या बहात्तरांविषयी मला कुणी कधी विचारलं नाही. आणि मीही विचारलं नाही.

मुंबई, ठाणे, रायगड, पालघर एवढ्या मुलखातल्या मुलांचे आकडे शेवटी आमच्या शेजारी, वाशीत येऊन पोचतात. बोर्डाचं मुंबई विभागीय कार्यालय तिथे आहे. कुलाब्याच्या किनाऱ्यापासून जव्हारच्या डोंगरापर्यंतची सगळे आवळलेले दातओठ तिथे आकड्यांच्या रांगा होऊन बसतात. मग निकाल लागतो, पाऊस येतो, आणि स्टेशनाबाहेरच्या खांबांवर क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात: मुलामुलींचे हसरे चेहरे, खाली टक्के, टिंबापुढच्या दोन आकड्यांसकट. जुलैच्या झोडपणीत ते फ्लेक्स एका बाजूने सुटतात, फडफडतात, चेहरा दुमडतो. टक्के तेवढे दिसत राहतात.

या शहरालाच आकड्यांची सवय आहे. १९७० साली सिडको आली, खाडीकाठची मिठागरं, भातखाचरं, खाजणं मोजली गेली, आणि जागांना नावांऐवजी क्रमांक मिळाले. सेक्टर चार, सेक्टर दहा, सेक्टर सोळा-अ. मी स्वतः या मोजलेल्या शहराची मोठी ऋणी आहे, इथल्या सरळ रस्त्यांनी आणि सावलीच्या झाडांनी मला संसार दिला. पण सेक्टरांच्या मधूनमधून, रेघोट्या आखताना पट्टीखाली न आलेले शाईचे थेंब राहावेत तशी जुनी गावठाणं राहिली आहेत. सारसोळे, करावे, दिवाळे. तिथली घरं एकमेकांना खेटून, गल्ल्या वाकड्या, दारात जाळी, दोरीवर वाळणारे बोंबील. माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्या वाकड्या गल्ल्यांतून यायची आणि सरळ रेषेतल्या बाकांवर बसायची.

त्यांतला एक, तिसऱ्या बाकावरचा.

मी मराठी शिकवायचे आणि भूगोलही. भरती-ओहोटीचा धडा झाला, आणि वीस गुणांची घटक चाचणी घेतली. प्रश्न होता: भरतीची वेळ दररोज किती पुढे जाते? पुस्तकातलं उत्तर, सुमारे पन्नास मिनिटं. एक गुण. या मुलाने लिहिलं होतं, 'पाऊण तास', आणि पुढे, जागा नसताना, समासात घुसून, 'आज सात तिथ हाय. सवापाचला पानी भरंल.' मी 'पाऊण तास'वर फुली मारली. समासातलं वाक्य प्रश्नाबाहेरचं होतं, म्हणून त्याभोवती गोल केला. 'हाय', 'पानी', 'भरंल' हे तिन्ही शब्द लाल रेघेने अधोरेखित केले. मराठीची शिक्षिका होते ना मी.

वीसपैकी सहा. पास व्हायला सात लागत.

तो टेबलापाशी आला. म्हणाला, "बाई, पानी पाऊन तासानंच पुढं जातं. आजा सांगतो." मी म्हणाले, "पुस्तकात पन्नास आहे ना?" आवाज चढवला नव्हता मी, उलट समजुतीनेच बोलले होते, आणि आज तेच जास्त टोचतं. त्याने वाद घातला नाही. तो थोडा वेळ उभा राहिला, खिडकीतून बाहेर, खाडीच्या दिशेला पाहिल्यासारखं केलं, मग ती चाचणीची घडी, घडीची घडी करत अगदी बोटाएवढी केली, खिशात टाकली आणि जागेवर जाऊन बसला.

शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी कुणीतरी त्याच्याविषयी एक अक्षर उच्चारलं. एकच. ते मी उच्चारलं नसेन असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

ढ.

किती भाषांत असं असेल मला ठाऊक नाही, पण आपल्या मराठीने आपल्या वर्णमालेतलं एक अख्खं अक्षर मुलांना हिणवण्यासाठी काढून ठेवलं आहे. त्यामागचं कारण सांगतात ते असं, की ब्राह्मी लिपीपासून देवनागरीपर्यंत येता येता सगळी अक्षरं वळली, सजली, त्यांना शिरोरेघ आली, कान आले, शेपट्या आल्या. ढ मात्र जवळपास होता तसाच राहिला. अशोकाच्या शिलालेखातला ढ आजच्या पहिलीतल्या मुलालाही ओळखू येईल. म्हणून न बदलणारा, न शिकणारा तो ढ. मी कितीतरी वर्षं ही गोष्ट वर्गात रंगवून सांगितली. आता ती आठवली की मनात दुसरंच काही हलतं. दोन हजारांहून अधिक वर्षं, एवढ्या हातांतून, एवढ्या लेखण्यांतून, दगडावरून ताडपत्रावर आणि ताडपत्रावरून कागदावर येताना ज्याने आपलं मूळचं वळण सोडलं नाही, त्या अक्षराला आपण मंद म्हणालो. मला त्या अक्षरावरून हात फिरवावासा वाटतो. पाठीवरून फिरवावा तसा.

पुढे काही महिन्यांनी, एका रविवारी दुपार कलताना, मी कोळंबी घ्यायला दिवाळ्याला गेले आणि परत फिरण्याऐवजी जेट्टीकडे वळले. तो तिथे होता. आज्याच्या शेजारी मांडी घालून जाळं शिवत होता. वर्गात ज्या बोटांत पेन लटपटायचं ती बोटं सुतातून अशी आतबाहेर होत होती की माझी नजर मागे पडत होती. आज्याने बसायला गोणपाट पुढे केलं. "बसा बाई. आज भांग हाय, होड्या बंदराला. जाली शिवायची, दुसरा काय?" मग नातवाकडे न बघता, जाळ्यातच बघत, त्याने विचारलं, "तिथ कंची रं?"

"अष्टमी."

"आठ पाऊन?"

"सा."

म्हातारबाबा मला समजावून सांगू लागले, मी विद्यार्थिनी होऊन ऐकू लागले. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला; तिथून पुढे तिथीला पाऊण लावायचा, वेळ निघते. चार पाऊण तीन, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता. आठ पाऊण सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. शाळा त्यांची चौथीपर्यंत झालेली. पण त्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. पुढे १९५७ साली रुपयाचे शंभर पैसे झाले, सोळा आण्यांचे हिशेब संपले, आणि ती सगळी अपूर्णांकांची गाणी हळूहळू फळ्यावरून पुसली गेली. शंभर आला तो तसा, आधी खिशात आणि मग आमच्या मनात. इथे दिवाळ्याच्या जेट्टीवर मात्र पाऊणकी जिवंत होती, कारण तिच्यावर कुणाचं तरी जेवण अवलंबून होतं.

मी घड्याळाकडे बघत राहिले. सहाला थोडी मिनिटं असताना नांगरलेल्या होड्यांची तोंडं, जी इतका वेळ समुद्राकडे रोखलेली होती, सैल पडली. दोर ढिले झाले. पाण्यावर तरंगणारं नारळाचं सोडण जागच्या जागी थांबलं, जणू त्याला कुठे जायचं ते आठवेना. सगळी खाडी श्वास आत घेऊन थांबल्यासारखी. आणि मग एकेक होडी, अगदी सावकाश, झोपेत कूस बदलावी तशी वळली.

मुलगा माझ्याकडे बघून हसला. त्यात जिंकल्याचा लवलेश नव्हता. आपल्या घरातली छानशी वस्तू पाहुण्याला दाखवून झाल्यावर हसतात, तसं.

सोमवारी मी त्याचा एक गुण वाढवला का? नाही. गुणांचं रजिस्टर केव्हाच वर गेलं होतं, सत्र संपलं होतं. कारणं मिळतात. नववीनंतर तो शाळेत दिसला नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांत, २०१० साली, शिक्षणहक्क कायद्यामागोमाग सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली ते आठवी नापास कुणी नाही, आणि प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने वर्णनात्मक नोंद लिहायची. मला अजून आठवतं, प्रशिक्षणात ते ऐकताना माझ्या घशात काहीतरी दाटलं होतं. आकड्याऐवजी वाक्य! कुणीतरी मला विचारत होतं, की हे मूल कसं आहे, सांगा. मी नवी वही आणली, रात्री बसून लिहायला लागले. पण वर्गात साठ-सत्तर मुलं, विषय अनेक, रकाने त्याहून अनेक. आणि बघता बघता बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या. 'वर्गकार्यात आवडीने सहभागी होतो.' 'स्वच्छतेच्या सवयी पाळते.' वाक्यं क्रमांक घालून छापलेली. हजेरीपटावरच्या नावापुढे उतरवायची. शेजारच्या वर्गातल्या बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या होत्या, मला तीन मुलांच्या पुढे एकच वाक्य लिहावं लागलं आणि ती तिन्ही मुलं माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, आकडा काही कागदावर राहत नाही. तो बघण्याच्या सवयीत राहतो. सवय तशीच असेल तर वाक्याचाही आकडा होतो.

ही सवय ज्यांनी मोडली त्यांच्या टेकडीवर मी एकदा जाऊन आले आहे. डहाणूजवळ कोसबाड. चिकूच्या वाड्या मागे पडतात, चढ लागतो, गवताला उन्हाचा वास यायला लागतो. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांच्या सोबतीने नूतन बाल शिक्षण संघाचं काम उभं केलं, आणि वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, १९४५ साली, त्या बोर्डीला गेल्या; अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर आल्या आणि १९५७ साली दोघींचं काम कोसबाडला आलं. माँटेसोरीबाईंची सुबक, महागडी साधनं वारली पाड्यात कुठून असणार? मग खडे आले, बिया आल्या, पानं, शंख, मातीची भांडी आली. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच उठून त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी. हा शब्द १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतून पुढे देशभर गेला, पण तो पहिल्यांदा उच्चारला गेला तेव्हा त्यात शेणाने सारवलेल्या जमिनीचा ओलावा असणार. आणि गुरं राखणारी मुलं अंगणातही सापडेनात, तेव्हा बाई कुरणात गेल्या. कुरणशाळा! गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली, फळा नाही, घंटा नाही, मधेच एखादी गाय भरकटली की एक विद्यार्थी उठून पळतोय, तिला वळवून पुन्हा येऊन बसतोय, आणि बाई थांबल्या आहेत.

बाई थांबल्या आहेत, या चित्रापाशी मी तिथे बराच वेळ उभी होते. मी कधी थांबले होते?

एक मात्र मनात येतंच. कोसबाडच्या पायथ्याचं मूल दहावीला पोचलं, की त्याचाही आकडा वाशीलाच येतो. कुरणातून सुटलेली ती वाटही शेवटी आमच्या सेक्टरांत शिरते. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं, फलटणला, पुण्याला अशी घरं उभी राहिली, जिथे मुलाचं आधी ऐकून घेतलं जातं. तिथल्या मुलांनाही दहावीचं हे दार ओलांडावंच लागतं. ती माणसं तरीही करत राहिली. मला त्यांच्या चिवटपणापुढे नुसतं बसून राहावंसं वाटतं.

मग ते २०२०चं वर्ष आलं. दहावीचा एकच पेपर उरला होता, २३ मार्चचा, भूगोलाचा. तो झालाच नाही. शहर मिटलं, पाम बीचवर गाडी नाही, आणि भरतीच्या वेळी खाडीचा चिखल बुडाला की रोहित पक्ष्यांच्या रांगा आमच्या इमारतीवरून नेरूळच्या तळ्यांकडे यायच्या. आकाशात कुणी गुलाबी खडूने ओळ ओढत जावं तशा. त्यांच्या थव्यात काही करडे पक्षी असतात. ती तरुण पिल्लं. खाण्यातून हळूहळू रंग चढतो त्यांच्या पिसांत, काही वर्षं जावी लागतात. त्या उन्हाळ्यात भूगोलाचे गुण बाकीच्या विषयांच्या सरासरीने दिले गेले. न लिहिलेल्या पेपरचे गुण. मला सारखा तो तिसऱ्या बाकावरचा मुलगा आठवे. पुढच्या वर्षी तर परीक्षाच नव्हती, निकाल लागला ९९.९५ टक्के, आणि आभाळ होतं तिथेच राहिलं. पण त्या मुलांना लोक 'कोरोना बॅच' म्हणू लागले, एक सुस्कारा टाकून, जणू त्यांचं शिकणं खरं नाहीच. ओळखीतली एक मुलगी मला म्हणाली होती, आजी, मला किती येतं ते मला कसं कळणार? तिचा आवाज कापत होता. सोळा वर्षांच्या मुलीला आपल्या आतलं कळायला बाहेरचा कागद लागत होता, आणि ते तिला आम्ही शिकवलं होतं. तिच्या केसांवरून हात फिरवत मी गप्प राहिले.

ती मुलगी गेल्यावर मी कपाटातून ती वर्णनात्मक नोंदींची वही काढली. मागची काही पानं कोरी होती. त्यातल्या एकावर वर त्याचं नाव लिहिलं, तारखेच्या जागी तिथी घातली, आणि लिहिलं: तिथीवरून भरतीची वेळ काढतो. पाऊणकी येते. जाळं शिवताना बोलत नाही. आपल्याला येतं ते दुसऱ्याला दाखवताना त्याला आनंद होतो. लिहिता लिहिता निळं पेन थांबेना. पान भरलं.

आता दर अष्टमीला जमलं तर मी दिवाळ्याला जाते. परवाही गेले. ऊन उतरलं होतं, जाळी वाळत होती, जेट्टीच्या पायरीवर मी चपला काढून बसले होते. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, फ्रॉकच्या ओच्यात काहीतरी धरून, माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"आजी, कोनाची वाट बगता?"

"पाण्याची."

तिने खाडीकडे पाहिलं, पायरीवरच्या शेवाळाच्या रेघेकडे पाहिलं. "आज भांग हाय," ती म्हणाली. "हितवर येल. त्याच्यावर नाय."

मी विचारलं, "तुला कसं कळतं गं?"

ती सांगू लागली. मी पायरीवर थोडी बाजूला सरकले.